करवत्याची नोंद

लाल शाईने मी आयुष्यात एकच खोटी नोंद केली. ती दोन शब्दांची होती : ‘खोटी नोंद.’ निळ्या शाईने केलेल्या खोट्या नोंदी बऱ्याच आहेत, त्यांतली एक पुढे येईलच.

ज्या मजकुरावर मी ते दोन शब्द लिहिले तो खरा होता. तो खरा आहे हे मला माहीत होतं, कारण त्या वेळी मी तिथे होतो. नुसता तिथे होतो असं नाही, ज्या पाखराबद्दल तो मजकूर होता ते पाखरू मी या दोन हातांनी धरलं होतं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. आता पन्नाशी उलटली, केस गेले, बढत्या मिळाल्या. पण हिवाळ्यात कुठल्याही नदीवर उभा राहिलो की हात आपोआप पाठीमागे जातात. कुणी ओंजळ पाहू नये असं वाटतं.

तो मजकूर लिहिणाऱ्या माणसाला सगळे चाचा म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं.

नांदेड शहर संपून गोदावरीकाठचे मळे लागतात तिथे आमच्या कार्यालयाचं पाणी मोजायचं एक ठाणं होतं. ठाणं म्हणजे काय, तर काठाच्या खडकात बसवलेली रंगीत पट्टी, तिच्यावर मीटर-सेंटिमीटरच्या खुणा, आणि वर लिंबाखाली पत्र्याची एक खोली. रोज सकाळी आठ वाजता पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते पाहायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पुराच्या दिवसांत दर तासाला. मी पंचविशीत कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा चाचांना त्या पट्टीवर बावीस वर्षं झाली होती. नदीला ते आसपासच्या सगळ्यांसारखं गंगाच म्हणत. मात्र बाकीचे लोक गंगेबद्दल बोलत, चाचा गंगेच्या वतीने बोलत.

‘कसे आहात चाचा?’ पहिल्या आठवड्यात मी सहज विचारलं.

‘दोन बोटं उतरलो, साब.’

मला वाटलं, तब्येतीचं सांगतायत. म्हणालो, ‘डॉक्टरला दाखवा.’

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘डॉक्टर काय करनार? वरून पानी सोडलंच न्हाई तं.’

डाव्या मनगटावर ते दोन घड्याळं बांधत. रोज पहाटे नमाज झाला की रेडिओच्या टोल्यावर दोन्ही जुळवत. एक चुकलं तर दुसरं सांगतं, असा त्यांचा हिशेब. दोन्ही चुकली तर, असं मी एकदा छेडलं. ‘तं मी हाय ना,’ म्हणाले. आठला पाच कमी असताना ते चपला काढून पायऱ्या उतरत, पट्टीसमोर उकिडवे बसत आणि आठ वाजेपर्यंत कुणाशी बोलत नसत. त्या पाच मिनिटांत कलेक्टर आले असते तरी त्यांना लिंबाखाली थांबावं लागलं असतं. ‘वेळ न्हाई लिवली तं पानी खोटं,’ हे त्यांचं पालुपद होतं. ‘आठचं पानी आठलाच खरं, साब. नऊला ते दुसऱ्याच्या गावचं.’

त्यांचं घराणं सुतारांचं. जुन्या नांदेडातल्या एका गल्लीत वडिलांचं दुकान होतं, ते मोठ्या भावाकडे गेलं. चाचांच्या वाट्याला वडिलांची एक कानस आली. ती फडक्यात गुंडाळून खोलीच्या कोनाड्यात ठेवलेली असे. आसपासच्या मळ्यांतले लोक बोथट झालेल्या करवती घेऊन येत आणि दुपारी रिकामपणी चाचा त्यांना धार लावून देत, फुकट. दात लावताना ते करवत कानाशी धरून बोटाने टिचकी मारत. आवाज नीट आला की खाली ठेवत.

आता रजिस्टराबद्दल. त्यात पाच रकाने होते. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पाऊस, आणि शेवटचा शेरा. शेऱ्यात काय लिहायचं याचा नियम होता. पट्टी मोडली, झाड वाहून आलं, गाळ साचला, असलं काही. चाचांनी तो नियम बावीस वर्षांत सावकाश रुंद करत नेला होता. ‘पाण्यात आज पिवळी फुले वाहत आली.’ ‘टिटवी ओरडते, कारण कुत्रे.’ ‘सुरय पक्षी कालपासून नाहीत.’ ‘पाणकावळे ४०, खडकावर पंख वाळवीत. माझे धोतर पण तेथेच वाळत होते.’ माझ्याआधीच्या साहेबांनी ते शेरे वाचलेच नव्हते, नुसत्या सह्या केल्या होत्या. मी वाचले. आधी हसलो, आणि मग महिन्याभरात अशी सवय लागली की रजिस्टर उघडलं की पातळीच्या आधी मी शेराच वाचायचो. माझ्या नोकरीतली आनंदाची जागा म्हणजे तो रकाना होता. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चाचांचा वैरी नव्हतो.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी संध्याकाळी ते सायकल मारत थेट कार्यालयात आले. एरवी पगाराशिवाय कधी येत नसत.

‘उद्या या साब. एक पाव्हनं आलंय.’

‘कोण?’

‘बदक हाय. पन बदकावानी वागंना. डोकं विंचरलेलं न्हाई, अन मासे खाऊन राहिलंय.’

दुसऱ्या दिवशी मला लोह्याच्या बाजूला कालव्याचं काम पाहायला जायचं होतं. सकाळी नदीवर जाऊ, दुपारी लोहा करू, असं मी ठरवलं. दुपारीही गेलो नाही, ते वेगळं.

मंगळवारी पावणेआठला मी ठाण्यावर पोचलो. आधी आठ वाजायचे होते. पातळी पाहिली, लिहिली, शाई वाळली, मगच चाचांनी मला खडकांच्या आडोशाने वरच्या डोहाकडे नेलं. थंडीचं पाणी काचेसारखं निवळ होतं, तळातला गोटा अन् गोटा दिसत होता. ‘निवळ पान्याबिगर हे येत न्हाई,’ चाचा कुजबुजले. ‘डोळ्यानं पाहून धरतं ना. गढूळ पान्यात आंधळं.’

मग ते दिसलं. करड्या अंगाचं, लांबट, पाण्यात जरा खोल बसलेलं. डोकं तांबूस-तपकिरी, मागे उभे राहिलेले पिसांचे झुबके. हनुवटी पांढरी. चोच बदकासारखी चपटी नव्हती, लाल, निमुळती, टोकाला आकडा. बदकं बुडं वर करून चिखल चाळतात ते मी गावाकडच्या तळ्यात पाहिलं होतं. हे तसं काही करत नव्हतं. पोहता पोहता नुसता चेहरा पाण्यात घालायचं आणि तसंच पुढे सरकत राहायचं, पडलेलं कानातलं कुणी परातीतल्या पाण्यात शोधावं तसं. चेहरा वर, चेहरा आत. आणि मग एकाएकी सगळंच्या सगळं नाहीसं व्हायचं. मी श्वास मोजत बसायचो. वीस-तीस आकडे झाले की भलतीकडेच वर यायचं, चोचीत आडवा मासा. तो उभा करून, डोक्याकडून, एका झटक्यात आत.

‘डोक्याकडूनच का?’ मी विचारलं.

‘शेपटीकडून गिळून पाहा तुमी. काटे उलटे लागतात.’

त्यांनी त्याचं नाव तोपर्यंत ठेवलं नव्हतं. नाव पडलं ते तासाभराने. डोहाच्या तोंडाशी एका भोयाने जाळं लावलेलं होतं. पाखरू बुडालं ते वर आलंच नाही. वीस झाले, तीस झाले, चाळीस झाले. जाळं तरंगत ठेवणारे भोपळे हलायला लागले तसे चाचा धोतरासकट पाण्यात शिरले. मीही शिरलो, बुटांसकट.

जाळं वर ओढलं तेव्हा ते त्यात पुरतं गुरफटलं होतं. भोई काठावरून ओरडत आला. ‘जाळं फाडू नका चाचा! अन सोडता काय त्याला? चार दिवसांपासून माझे मासे खाऊन राहिलंय ते!’

‘तुझे?’ चाचा मान न वळवता म्हणाले. ‘तू सोडले होते का गंगेत?’

‘मग काय त्याच्या बापानं सोडले होते?’

‘त्याचा बाप बी खातच होता. धरा साब. पंखावरून धरा. आवळू नका.’

मी धरलं. ओल्या पिसांखाली त्याचं काळीज इतक्या जोरात उडत होतं की माझ्या बोटांनाच हिसके बसत होते. तेवढं उबदार काही मी त्याआधी हातात धरलं नव्हतं. पुढे माझ्या मुलाला पहिल्यांदा उचललं तेव्हा मला तेच आठवलं, आणि आठवल्याची लाज वाटली. चाचा एकेक धागा सोडवत होते. मानेपाशी आले तेव्हा पाखराने त्यांचा डावा अंगठा चोचीत धरला. चाचांनी हात मागे घेतला नाही. शेवटचा धागा निघेपर्यंत तसाच ठेवला, मग हळूच काढून घेतला. अंगठ्यावर दोन्ही बाजूंनी रक्ताच्या बारीक ठिपक्यांची रांग उमटली होती. टाचणीने टोचल्यासारखी, पण एका मापाची, एका अंतराची.

मी घाबरलो. चाचा मात्र अंगठा उन्हात धरून सुताराच्या नजरेने पाहत होते.

‘दात हायेत साब! चोचीला दात. करवत हाय ही, बारीक दाताची. अन पाहा, दात मागं झुकलेले. मासा आत जाऊ देतात, भाईर येऊ देत न्हाईत.’ त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू वडिलांचं दुकान पुन्हा उघडलं. ‘करवत्या,’ ते म्हणाले. ‘नाव करवत्या.’

मी हात सोडले. ते सरळ उडालं नाही. जड पाखरू. पाण्यावर तांबड्या पायांनी पटपटपट धावत सुटलं, मागे शिंतोड्यांची रेघ, आणि चांगलं लांबवर गेल्यावर एकदाचं वर उठलं. पंखांत पांढरा चौकोन चमकला. पुढे नदी उजवीकडे वळते. कुठलंही पाखरू मळ्यावरून आडवं गेलं असतं. हे गेलं नाही. पाण्यालगत, नदीच्या वळणाबरोबर वळत, दिसेनासं झालं.

‘वळन सोडत न्हाई,’ चाचा म्हणाले. ‘चार दिवस पाहून राहिलो. कितीबी घाई असो, गंगेवरूनच जातं.’

त्यानंतर मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि दोन दुपारी लिंबाखाली बसून चाचांना मराठीत सांगत गेलो. चित्र सापडलं तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आमची मादी होती. नराचं डोकं काळं-हिरवं आणि अंग पांढरं असतं. पार हिमालयात, थंड नद्यांच्या काठी, उंच झाडाच्या ढोलीत ही अंडी घालते. पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत आई खाली येते आणि तिथून हाका मारते. पिल्लांना अजून उडता येत नसतं. ती ढोलीच्या काठावर येतात आणि एकामागून एक खाली उडी टाकतात. पुढे आईच्या पाठीवर बसून नदीतून हिंडतात.

चाचांनी मला तेवढं पुन्हा सांगायला लावलं.

‘पंख न्हाई अन उडी मारतात?’

‘हो. आई बोलावते म्हणून.’

‘अन न्हाई मारली कुनी तं?’

पुस्तकात ते नव्हतं. चाचा कानशीवर अंगठा फिरवत बसले. ‘राहत असंल एखादं,’ म्हणाले. ‘भेनारं.’

पुस्तकात हेही होतं की हे पाखरू हिवाळ्यात उत्तरेकडच्या नद्यांवर उतरतं, इतकं दक्षिणेला येण्याची नोंद नाही. ते मी सांगितलं तर चाचांनी शांतपणे विचारलं, ‘पुस्तकवाला इथं आला होता का, सकाळी आठला?’

पाखरू आणखी नऊ दिवस राहिलं, आणि मग एका सकाळी शेऱ्यात आलं : ‘करवत्या आज नाही.’

एवढी माझी सुखाची गोष्ट. आता दुसरी.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी घरी बसून दौरा डायरी लिहिली. आम्हाला रोज कुठे गेलो ते त्यात लिहावं लागतं. मी लिहिलं : ‘सकाळी ८ ते सायंकाळी ५ लोहा येथील कालवा कामाची पाहणी केली. काम समाधानकारक.’ सगळेच असं लिहीत. कुणी पाहत नसे.

आणि त्याच दिवशी चाचांनी रजिस्टरात त्यांच्या ठळक, सुताराने रेघ मारावी तशा अक्षरात लिहिलं होतं : ‘सकाळी ९.३५. मासे खाणारे करवत्या बदक १, भोयाच्या जाळ्यात अडकले. सोडविले. छोटे साहेब हजर होते, त्यांनी पाखरू धरले. माझ्या डाव्या अंगठ्यास चोचीचे दात लागले. पाखरू नदीच्या वळणाने वर गेले.’

पुढच्या महिन्यात मोठे साहेब एका सकाळी सातलाच वार्षिक तपासणीला ठाण्यावर आले. माणूस वाईट नव्हता, त्यांना नुसती हसायची हौस होती. पत्र्याच्या खोलीत टेबलावर रजिस्टर होतं, आणि सहीसाठी मी नेलेली माझी डायरीही. चाचा दारात उभे. मोठे साहेब पानं उलटत होते आणि मोठ्याने वाचून हसत होते. धोतराच्या नोंदीवर तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. चाचासुद्धा दारात जरा हसले.

मग ते त्या पानावर आले.

‘अरे वा, छोटे साहेब! पाणी मोजता की पाखरं धरता?’ असं म्हणून त्यांनी पुन्हा वाचलं, आणि तारखेवर बोट ठेवलं. हसू ओसरलं. त्यांनी माझी डायरी ओढली, उघडली, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

‘या दिवशी तर तुम्ही लोह्याला होता.’

मी डायरीतल्या माझ्याच अक्षराकडे पाहिलं.

‘साडेनऊला इथे पाखरू धरलेलं आणि दिवसभर लोह्याला. दोन्ही खरं कसं? कुठलं खरं?’

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. निलंग्यात आई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी साहेबी सांगत होती. हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या वेळी असं काही डोक्यात आलं नाही. त्या वेळी फक्त एक ढोली होती, आणि खाली फार खोल दिसत होतं.

‘डायरी, साहेब,’ मी म्हणालो.

‘म्हणजे हे?’

‘खोटं आहे.’

‘लिहा मग तसं. सही करा.’

त्यांनी स्वतःच्या खिशातलं लाल पेन दिलं. मी चाचांच्या मजकुरावर तिरपी रेघ मारली आणि लिहिलं, ‘खोटी नोंद.’ लिहून झाल्यावर वर पाहिलं. चाचा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. ते असे पाहत होते, जसं वाहून आलेली एखादी वस्तू लांबून ओळखू येत नाही तेव्हा पाहतात. मग डावा हात उलटा करून त्यांनी घड्याळं पाहिली, दोन्ही. ‘आठ होऊन राहिले,’ कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, चपला काढल्या आणि पायऱ्या उतरले.

नंतर त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. ती मीच टाइप करवून घेतली. त्या संध्याकाळी मी ठाण्यावर गेलो आणि म्हणालो, ‘चाचा, एक ओळ लिहून द्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी मिटवतो.’

‘मिटवता?’

‘एका बदकाचं काय एवढं!’

‘बदकाचं न्हाई साब.’ ते करवतीला कानस लावत होते, थांबले नाहीत. ‘एक खोटी म्हनून लिवून देल्ली, तं बाकीची बावीस वर्षं कोन खरी मानंल? पुराच्या राती कमरेला दोर बांधून पानी लिवलंय मी. ते बी खोटं?’

मी म्हणालो, ‘मग माझं नाव सांगा. मी होतो म्हणून सांगा.’ असं म्हणालो खरं, पण ते सांगणार नाहीत हे मला माहीत होतं म्हणूनच म्हणालो.

‘ते तं लिवलेलंच हाय,’ चाचा म्हणाले.

खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली : ‘नोंद खरी आहे. वेळ ९.३५.’ दोन महिन्यांत त्यांना नदीवरून काढून कार्यालयाच्या गुदामावर टाकलं. गुदाम लोह्याला होतं. मी जिथे गेलो म्हणून खोटं लिहिलं होतं, तिथे ते खरोखर गेले. नदी नाही, पट्टी नाही, सिमेंटच्या गोण्या आणि गंजके पाइप. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी तिथेच काढली.

मी तिथे एकदाच गेलो, कामासाठी. चाचांनी दारातल्या पाण्याच्या पिंपाला आतून रंगाने खुणा केल्या होत्या. त्यांनी चहा मागवला, माझ्यासाठी खुर्ची पुसली. तक्रारीचा एक शब्द नाही. मी निघालो तेव्हा फाटकाशी येऊन विचारलं, ‘गंगा किती हाय, साब?’

मला सांगता आलं नाही. रोज माझ्याकडे आकडा येत होता आणि मी त्यावर सही करत होतो, पण मला तो माहीत नव्हता.

वर्षं गेली. ठाण्यावर आता यंत्र बसलंय, ते पंधरा-पंधरा मिनिटांनी आपणच आकडा पाठवतं. त्यात शेऱ्याचा रकाना नाही. मी स्वतः मोठा साहेब झालो. आणि गेल्या हिवाळ्यात माझ्या हाताखालचा एक तरुण अभियंता डायरी सहीला घेऊन आला. एका तारखेचा मेळ बसत नव्हता म्हणून मी सहज विचारलं. तो म्हणाला, ‘नाही सर, त्या दिवशी मी साइटवर नव्हतो. डायरीत चुकीचं लिहिलंय. बहिणीला घेऊन दवाखान्यात गेलो होतो.’

मी काय केलं? म्हणालो, ‘दुरुस्त करा आणि आणा.’ बस. तो दुरुस्त करायला गेला. पंखा फिरत होता. शिपायाने चहा आणून ठेवला. मी तिथे बसून राहिलो. एवढीच उडी होती. खाली इतकंसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी रजिस्टरं शोधायला अभिलेख कक्षात गेलो. वाटलं होतं, ते पान काढावं, माझ्या लाल रेघेखाली निळ्या शाईने खरं लिहावं. कक्षातल्या माणसाने सांगितलं, मुदत संपलेली रजिस्टरं कधीच नष्ट झाली, यादीवर सही आहे. यादी पाहिली. सही माझी होती. न वाचता केलेली.

चाचा उदगीरला मुलीकडे असतात एवढं कळलं. रविवारी बस पकडून गेलो. घर किल्ल्याच्या अलीकडच्या एका मोहल्ल्यात. दार मुलीने उघडलं. नांदेडहून आलो, अब्बांच्या कार्यालयातला, म्हटल्यावर हसून आत घेतलं.

‘अब्बा विहिरीवर हायेत. रोज आठला पानी मोजतात अन मग दुपारपर्यंत तिथंच. माझ्या लग्नाची तारीख विचारा, सांगता येनार न्हाई. त्या दिवशी गंगा किती होती विचारा, लगेच सांगतील.’

अंगणात आड होता. कठड्यावर चाचा बसले होते, फार वाळलेले, दाढी पांढरी. आडाच्या आतल्या दगडांवर चुन्याने खुणा ओढलेल्या होत्या. मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. मनगटावर दोन घड्याळं.

‘कसे आहात चाचा?’ मी विचारलं.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. ‘चार बोटं चढलो,’ म्हणाले. आणि मग, ‘छोटे साब?’

मी बसलो आणि बोलून टाकलं. डायरी, भीती, लाल पेन, नष्ट झालेली रजिस्टरं, माझी सही. पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. शेवटी म्हणालो, ‘मी चुकलो, चाचा. माफ करा.’ मुलगी चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

चाचांनी वाकून आडात पाहिलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. सुरकुत्यांशिवाय काही नव्हतं.

‘उडालं कसं?’ त्यांनी एकाएकी विचारलं.

‘काय?’

‘करवत्या. सोडल्यावर. उडालं कसं?’

माझ्या ध्यानात आलं, ही परीक्षा आहे. मी म्हणालो, ‘सरळ नाही उडालं. पाण्यावर धावलं. पाय तांबडे होते. मग उठलं, पंखात पांढरं दिसलं, आणि मळ्यावरून न जाता नदीच्या वळणाने वर गेलं.’

‘अन हातात कसं होतं?’

‘उबदार. काळीज उडत होतं, माझ्या बोटांना लागत होतं.’

ते मुलीकडे वळले. इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता तो. ‘पाह्यलं? मी सांगत होतो न्हाई? कोनी मानून न्हाई राहिलं. तुझी अम्मी बी म्हनली, पानकावळा असंल.’ मग माझ्याकडे. ‘माफी तोंडी नक्को, साब. तोंडी काय, आत्ता हाय अन आत्ता न्हाई. लिवा.’

त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. पाच रकाने पट्टीने आखलेले. तारीख, वेळ, पाणी, पाऊस, शेरा. त्या दिवसाच्या ओळीत आठचं पाणी लिहिलेलं होतं, शेऱ्यात ‘चिमण्या ६, एक लंगडी.’ खालची ओळ कोरी.

मी पेन उघडलं आणि थेट शेऱ्याकडे गेलो. चाचांनी माझा हात धरला.

‘वेळ?’

मी माझं घड्याळ पाहायला लागलो. त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती. मी ती लिहिली, कठड्यावरून वाकून चुन्याच्या खुणेवर पाणी पाहिलं, तेही लिहिलं, आणि मग शेऱ्यात लिहिलं :

‘मी नोकरीत नवा असताना एका हिवाळ्यात मंगळवारी सकाळी ९.३५ वाजता गोदावरीवर मासे खाणारे करवत्या बदक १ जाळ्यात अडकले होते. चाचांनी सोडविले. मी हजर होतो. पाखरू मी धरले होते. चाचांच्या अंगठ्यास त्याचे दात लागलेले मी पाहिले. चाचांची नोंद खरी. माझी लाल शाईची नोंद खोटी, आणि ती खोटी आहे हे लिहितानाच मला ठाऊक होते. मी भ्यालो होतो. चाचा, मला माफ करा.’

खाली सही केली आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओळीखालून अंगठा फिरवत ती वाचली, शाई वाळू दिली आणि मगच वही मिटली.